मंदा कुणाला चावली नव्हती

पालिकेच्या दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांसाठी वेगळा बाक असतो, आणि त्या बाकावरची माणसं फार लवकर एकमेकांची होतात. तापाच्या रांगेत कुणी कुणाकडे बघत नाही. इथे मात्र नवीन माणूस टेकला रे टेकला की विचारणा सुरू होते, कुठे चावला, कधी चावला, पाळीव की भटका. मग पँटी वर सरकतात, बाह्या दुमडल्या जातात आणि आपापल्या जखमा दाखवून होतात.

मुलुंडच्या दवाखान्यात त्या सकाळी अक्षता परब बाकावर उजवा पाय आखडून बसली होती. तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सलवारीखाली पोटरीला पट्टी होती, आणि दुखण्यापेक्षा त्या जखमेची तिला लाजच जास्त वाटत होती. का, ते कळेलच. आधी शेजारी कोण येऊन बसलं ते सांगायला हवं.

उंच, सावळा, विस्कटलेल्या केसांचा एक तरुण अंगठ्याला पट्टी बांधून आला आणि तिच्या शेजारी बसला. त्यानंही विचारलंच, पण भलतंच विचारलं.

"कसा होता कुत्रा?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे घाबरलेला होता, आजारी वाटत होता, की नुसताच तिरसट?"

एखाद्या नातेवाइकाची तब्येत विचारावी तसा त्याचा स्वर होता. अक्षताला काय बोलावं सुचेना. तिच्यासोबत आलेल्या, पलीकडे बसलेल्या शेजारच्या अनुपमाकाकूंना मात्र सगळंच सुचत होतं. त्या पुढे वाकून म्हणाल्या की कुत्रा नव्हे, कुत्री आहे, आमच्या सुमनांजली सोसायटीच्या गेटवर लोळत असते, मंदा नावाची, आणि वरून दिसते गरीब पण आतल्या गाठीची आहे मेली.

तरुणाचा चेहरा उतरला. "मंदा? डाव्या कानाला खाच असलेली, बदामी रंगाची?"

त्याचं नाव केयूर. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणाऱ्या एका संस्थेत तो कामाला होता. पालिकेकडे आलेल्या या भागातल्या कुत्र्यांच्या तक्रारी त्यांच्याकडेच यायच्या, आणि मंदाला ऑपरेशननंतर त्याच गेटवर परत आणून सोडणारा माणूस तोच होता. आज भांडुपच्या एका पिल्लानं त्याचा अंगठा फोडला होता, पण त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते मंदाचं.

"ती चावली म्हणजे... काहीतरी झालं असणार तिला," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग अक्षताकडे बघून एकदम ओशाळला. "सॉरी. तुमचं आधी विचारायला हवं होतं. पहिल्यांदाच घेताय इंजेक्शन? घाबरू नका, आता हातावर देतात."

"मी घाबरलेली नाही."

"मग त्या ओढणीनं काय घोडं मारलंय? पिळून पिळून दोरी झाली तिची."

अक्षतानं ओढणी सोडली. हसू आलं होतं, ते तिनं दाबलं. काकूंनी तोवर पर्समधून फोन काढून तक्रारीचा क्रमांक त्याच्या नाकासमोर धरला होता. ही तक्रार तर माझ्याकडेच येणार, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्यानं अक्षताकडे अशा काही नजरेनं पाहिलं की जणू ती बातमी अगदीच वाईट नव्हती.

आता खरं काय ते. अक्षताला मंदा चावलीच नव्हती. तिला चावला होता अनुपमाकाकूंचा पेढा.

पेढा म्हणजे काकूंचा पांढरा, केसाळ, उशीएवढा पॉमेरेनियन. काका गेले, मुलगा कॅनडात रमला, आणि काकूंच्या घरात बोलायला म्हणून उरला तो पेढा. दिसायला गोड, स्वभावानं जहाल. गेल्या वर्षी तो गॅसवाल्याला चावला, मग जिन्यात खुद्द चेअरमन श्यामकांत वैद्यांना. सोसायटीनं सभा घेऊन ठराव केला की पुन्हा कुणाला चावला तर पेढ्यानं इमारत सोडायची. त्या सभेत काकू पदर तोंडाला लावून रडल्या होत्या आणि अक्षता त्यांचा हात धरून बसली होती. लहानपणी आई कामावर असायची तेव्हा शाळेतून आलेल्या अक्षताला ज्या हातानं वरणभात भरवला, तो हा हात.

आदल्या संध्याकाळी काकू भजनी मंडळाबरोबर ठाण्याला गेल्या होत्या. पेढ्याला जेवण द्यायला अक्षता किल्ली घेऊन शेजारी गेली, फोनवर बोलत बोलत त्याचं भांडं पायानं सरकवायला गेली, आणि पेढ्यानं पोटरीत दात रोवले. घरी जानकीनं, म्हणजे तिच्या आईनं, जखम साबणानं खळखळून धुतली आणि खालच्या आवाजात बजावलं, "गप रव गो. तिका कळला तर जीव देतली ती."

दवाखान्यात जायला म्हणून मायलेकी जिन्यात उतरल्या तर समोरून काकूच वर येत होत्या. रक्त बघून त्या किंचाळल्याच. कुठल्या मेल्या कुत्र्यानं चावलं म्हणून विचारलं. अक्षता म्हणाली, "खाली... गेटपाशी." दोन शब्द. त्यावर काही सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, पण काकूंनी तिला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि पुढचं सगळं राहून गेलं. त्या रात्री दवाखान्यात नुसती पट्टी झाली, इंजेक्शनला सकाळी तिला काकूच घेऊन आल्या.

काकूंनी नुकताच फोन शिकून घेतला होता. त्यांनी अक्षताच्या नावानं पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली, खाली जाऊन हल्लेखोराचा फोटोही काढला. फोटोत मंदा गाढ झोपली होती. तो सगळा प्रकार सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. आणखी एक गंमत सांगायची राहिली. अक्षता घाटकोपरला गाड्यांच्या विम्याच्या ऑफिसात होती. गाडी कशी ठोकली याबद्दल माणसं काय काय थापा मारतात ते ओळखायचा तिला पगार मिळत होता.

रविवारी केयूर गाडी घेऊन आला. जाळी, पट्टे, जाड हातमोजे, सगळा सरंजाम. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. पण त्यानं गाडीचं दार उघडून शीळ घातली मात्र, मंदा शेपूट हलवत आली आणि त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पसरली. गॅलऱ्यांचा विरस झाला. जाळीला हातही न लावता त्यानं तिला उचललं, आत ठेवलं, आणि मग माहिती लिहून घ्यायला अक्षताकडे वळला.

कुठे उभ्या होतात, हातात काय होतं, तिला डिवचलं वगैरे कुणी होतं का, असं त्यानं विचारलं. अक्षता सांगत गेली. हातात भाजीची पिशवी होती. पिशवीतून मेथी डोकावत होती. रिक्षा नुकतीच वळली होती, तिचा दिवा डोळ्यावर आला. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं की थापा मारणारे तिच्या टेबलासमोर बसून असंच बोलतात, नको तितकं बारीक. तिचे कान तापले.

"जखम बघावी लागेल... म्हणजे, नियमच आहे तसा," केयूर म्हणाला. आता त्याचेही कान लाल झाले होते.

तिनं सलवार वीतभर वर घेतली. त्यानं क्षणभर पाहिल्यासारखं केलं, लगेच नजर गेटच्या खांबाकडे वळवली, "बरं बरं, झालं" म्हणाला आणि कागदावर लिहून टाकलं. किती सज्जन आहे, असं तिला वाटलं, आणि त्या विचारानं ती आणखीच खजील झाली. गाडी निघाली तेव्हा जाळीच्या खिडकीतून मंदा बाहेर बघत होती. तिला फिरायला नेत आहेत असंच वाटत असावं.

त्या संध्याकाळी अक्षतानं न राहवून त्यानं कागदावर दिलेल्या नंबरवर मेसेज केला, मंदा जेवली का. लगेच उत्तर आलं, जेवली, आणि माझा डबाही हुंगून झाला. सोबत फोटो. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. मग तो आपणहून सांगायला लागला. मंदाला निरीक्षणाखाली ठेवलंय, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड करून झोपते, अंडं दिलं की मात्र उठते. मंदाच्या बातम्या संपल्यावर बोलणं संपायला हवं होतं, पण ते काही संपेना. जेवलीस का, आज ऑफिसात कोणी कसली थाप मारली, भांडुपचं पिल्लू कसं आहे... अक्षता फोन उशाशी घेऊन हसायची आणि हसू ओसरलं की मंदाचा फोटो परत उघडून बघायची.

पुढच्या इंजेक्शनला काकू यायच्या म्हणत होत्या, तिनं नको म्हटलं. दवाखान्याच्या दारात केयूर उभा होता. त्याचं इंजेक्शन त्या दिवशी नव्हतंच; आधीची लस असल्यानं त्याला दोनच घ्यायची होती, ती झाली होती. मग समोरच्या गाडीवर उसाचा रस झाला, त्यात आलं-लिंबू घालावं की नाही यावर वाद झाला, आणि "तुम्ही" कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू नेहमी कुत्र्यांबद्दलच बोलतोस का रे?"

"छे. कधी कधी मांजरांबद्दलही."

"आणि माणसांबद्दल?"

"माणसांची भीती वाटते. त्यांच्यावर लस नाही ना."

तिनं ग्लासाआडून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर रसाचा फेस लागला होता आणि तो पुसून टाकावा असं तिला इतक्या जोरानं वाटलं की तिनं दुसरा हात ग्लासावर ठेवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तक्रार करणारं माणूस नंतर कुत्र्याची चौकशी करत नाही. कधीच. त्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं, बस. तू रोज विचारतेस, ती जेवली का. तुला चावलीय ती, तरी. मी घरी आईलाही सांगितलं हे."

अक्षतानं ग्लास खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. आज सांगायचंच, असं ती ठरवून आली होती. पण त्याच्या आईपर्यंत आपला चांगुलपणा पोचलाय हे ऐकल्यावर तिची जीभ उचलेना. त्याच्याशी बोलताना मंदाचं नाव निघालं की ती विषय बदलू लागली. आणि ती हळवी झाली असेल असं समजून तो आणखी मायेनं वागू लागला.

मग एका दुपारी तो रसाच्या गाडीपाशी भेटला तोच गंभीर. सोसायटीचं पत्र आलं होतं. चेअरमन वैद्यांनी लिहिलं होतं की मंदाला परत आणू नये. मंदाला कसलाही आजार नव्हता, निरीक्षण संपत आलं होतं. संस्थेची पद्धत अशी होती की कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. मात्र विनाकारण चावणारा आहे असा शेरा पडला तर त्याला शहराबाहेरच्या आसऱ्यात पाठवायचं, कायमचं. शेरा द्यायचा केयूरनं.

"अशा पत्रांवर मी नेहमी भांडतो," तो म्हणाला. "वैद्यांसारखे छप्पन्न बघितलेत मी. पण या वेळी नाही भांडणार. उद्या शेरा देऊन टाकतो."

"का?"

तो गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. "रोज त्या गेटातून जातेस तू. सकाळी जाताना, दमून परत येताना. प्रत्येक वेळी वळसा घालून जायला नको. मंदा माझी लाडकी आहे, पण... तू घाबरून चालावंस हे मला नाही चालणार. त्यापेक्षा ती जाऊ दे."

इतक्या सरळ कुणी तिला आजवर काही म्हटलं नव्हतं. हे ऐकायला ती किती दिवस आसुसली होती, आणि आता ऐकलं तर तिला तिथून पळून जावंसं वाटलं. गप्प राहिली तर हा मुलगा तिचा होता. मंदा मात्र उद्या गाडीत बसून अशा ठिकाणी गेली असती जिथे तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही.

"मंदा चावली नाही मला," अक्षता म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं, पेढा, भांडं, जिना, गेटपाशी. मेथीची पिशवीसुद्धा खोटी होती हेही. सांगताना ती एकदाही रडली नाही, कारण रडून सुटका करून घ्यायची तिला लाज वाटत होती.

केयूर आधी कामाचं बोलला. "पेढ्याला लस दिलीय?"

"माहीत नाही. काका गेल्यापासून... बहुतेक नाही."

"काकूंना आजच सांग. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं आम्ही, आणि ठेवलं कुणावर." मग त्याचा आवाज बदलला. "ती पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी तुला फोटो पाठवायचो. आणि तू मला विचारायचीस, जेवली का."

"हो."

"तेव्हा काय वाटायचं तुला?"

"लाज," ती म्हणाली. "पण सांगण्याइतकी नाही."

तो उठला. जखम नीट बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, एवढ्या छोट्या जबड्याची खूण, असं काहीतरी पुटपुटला. पण मी जखम बघितली कुठे, म्हणाला, आणि रसाचा ग्लास तसाच भरलेला ठेवून निघून गेला.

अक्षता तिथून थेट काकूंकडे गेली. काकू तांदूळ निवडत होत्या, पेढा मांडीला लागून झोपला होता. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. काकूंना आधी चेष्टा वाटली, त्या हसल्याही. मग त्यांचं हसू थांबलं. "दाखव पाय," म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी पट्टी सोडली आणि बराच वेळ त्या पोटरीकडे बघत बसल्या. गॅसवाल्याच्या हातावरची अशीच जखम त्यांनीच तर हळद लावून बांधली होती.

"दवाखान्यात मी त्या मुक्या जिवाला नाही नाही ते बोलत होते. तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

"हो काकू."

"आणि तुझी आई?"

अक्षतानं नुसती मान डोलावली.

"एवढी कीव करता माझी?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जा आता घरी."

काकूंचं ते "जा" तिला केयूरच्या जाण्याइतकंच लागलं. पण आता थांबून चालणार नव्हतं. अ‍ॅपवर तक्रार पुन्हा उघडायची सोय होती, तक्रार खोटी होती असं सांगायची नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेली. तिथल्या नीलम नावाच्या बाईंनी तिचं म्हणणं ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग शेजारच्या टेबलाला हाक मारून म्हणाल्या की इकडे या, ही मुलगी म्हणतेय कुत्रा निर्दोष आहे. सगळं ऑफिस वळून बघू लागलं. अक्षतानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अक्षरात जे घडलं ते लिहून दिलं. घरी येऊन तेच ग्रुपवर टाकलं. तक्रारीच्या वेळी अंगठे दाखवणाऱ्यांपैकी एकाचंही बोट या वेळी हललं नाही. जानकी कपाळाला हात लावून बसली. "आता तोंड खंय लपवतलंस?" एवढंच म्हणाली.

सभा झालीच. श्यामकांत वैद्यांनी ठरावाची आठवण करून दिली. तेव्हा काकू उठल्या. या वेळी पदर तोंडाला नव्हता. पेढ्याला आजच लस दिली आहे, जिन्यात तो तोंडाला जाळी लावूनच उतरेल, आणि तरी त्याला घालवायचं असेल तर त्याच्याबरोबर मीही जाईन, असं त्यांनी सांगितलं. वैद्यांचा नाइलाज झाला, पेढ्याला शेवटची संधी मिळाली. सगळे उठायला लागले तशी अक्षता म्हणाली की मंदाविरुद्धचं पत्र मागे घ्यायचं राहिलंय. माणसं खुर्च्या उचलू लागली. तिनं पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. शेवटी वैद्यांनी सही केली. काकूंनी मात्र तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. केयूरचाही मेसेज नव्हता, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

गाडी आली ती आणखी एका रविवारी, भर दुपारी. हॉर्न ऐकून अक्षता तशीच जिना उतरून धावली, आणि गेटशी आल्यावर थबकली. वर गॅलऱ्या भरायला लागल्या होत्या. आता सगळ्यांना तिची गोष्ट माहीत होती.

केयूरनं मागचं दार उघडलं. मंदा आत अंग चोरून बसली होती. त्यानं शीळ घातली, ती हलली नाही. पुन्हा घातली. ती आणखी मागे सरकली.

"नेहमी उडी मारते," तो अक्षताकडे न बघता म्हणाला. "आता उतरायला घाबरतेय."

अक्षता गाडीपाशी गेली आणि फुटपाथवर बसली. इतकी वर्षं ती या कुत्रीला ओलांडून गेली होती, एकदाही हात लावला नव्हता. तिनं हात पुढे केला. "मंदा, चुकलं गं माझं," ती म्हणाली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं. तिनं ऐकलं आणि हात तसाच ठेवला.

केयूर तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला.

"माहितेय."

"तुझ्या एकटीवर नाही. मी जखम बघायला आलो होतो आणि तुला बघत बसलो. न बघताच लिहून टाकलं. मग तिला कायमची घालवायला निघालो." त्यानं मान हलवली. "तू खोटं बोललीस ते काकूंसाठी. मी शेरा देणार होतो तो तुझ्यासाठी. हिच्या बाजूनं कोणीच नव्हतं, अक्षता. ती माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपली होती, आणि मीसुद्धा नव्हतो."

अक्षताच्या डोळ्यांत आता पाणी आलं. "तुझ्याशी जे जे बोलले त्यात मंदाचं सगळं खोटं होतं," ती म्हणाली. "बाकीचं खरं होतं. तू मला आवडतोस ते... ते खरं होतं. मला आधी हे सांगायचं होतं, पण मंदाचं सांगितल्याशिवाय हे कसं सांगणार?"

तो काही बोलणार तेवढ्यात गेटमधून चपलांचा आवाज आला. अनुपमाकाकू येत होत्या, हातात दुधात कुस्करलेल्या पोळीचं भांडं. त्यांनी ते गाडीच्या दाराखाली ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. मंदाचं नाक हललं. ती पुढे आली, थबकली, मग एकदाची खाली उतरली. आधी तिनं अक्षताचा पुढे केलेला हात हुंगला, नीट, चारी बाजूंनी. मग तोंड फिरवून भांड्यात घातलं.

काकू तिचं खाणं बघत राहिल्या. अक्षताकडे न बघताच म्हणाल्या, "अनवाणी काय आलीस? पाय भाजत नाहीत का?" आणि वर निघून गेल्या.

तिचे पाय भाजत होते हे अक्षताला तेव्हा कुठे कळलं. ती उठायला गेली तर केयूरनं आधारासाठी हात दिला. ती उभी राहिली, पण त्यानं हात सोडला नाही.

"राग जाईल," तो हळूच म्हणाला. "थोडे दिवस लागतील. तोपर्यंत भेटायचं नाही असं थोडंच आहे?"

"सगळे बघताहेत, केयूर."

"बघू देत ना. की लाज वाटते?"

अक्षतानं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर आई होती, दुसऱ्यावर वैद्य, आणि बाकीच्या सगळ्या गॅलऱ्यांमध्ये ती माणसं, ज्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ती गेले कित्येक दिवस जिन्यातून खाली मान घालून उतरत होती. तिला लाज वाटत होती, भरपूर. तिनं त्याचा हात घट्ट धरला.